हरणीचं खातं

हरणी आम्हाला दहा हजारांना पडली. मामांनी बारा सांगितले होते, माझ्या नवऱ्यानं आठ म्हटलं, मध्ये चहा झाला आणि चहानंतर दहावर दोघांच्याही माना हलल्या. लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यात, जानवळच्या अंगाला झालेला हा व्यवहार. जानवळ हे कारवानी कुत्र्यांसाठी नावाजलेलं गाव. त्या पट्ट्यात शेतातल्या आखाड्यांवर आणि मेंढ्यांच्या वाड्यांवर ही लांब पायांची, निमुळत्या तोंडाची कुत्री अजून दिसतात. मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. मावसबहिणीच्या सासरकडून लागणारं ते लांबचं नातं, आणि तसंही त्या भागात वयानं मोठ्या माणसाला मामा म्हटल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही.

त्याच सुमाराला पुण्यात आमच्या ओळखीच्या एका घरात हस्कीचं पिल्लू आलं, पंचावन्न हजारांचं. सैबेरियाच्या बर्फात गाड्या ओढायला घडलेल्या त्या जिवासाठी मार्चपासून एसी लावून ठेवावा लागतो. हस्की जगात कुठेही मिळतो; कारवानी मिळतो तो दख्खनच्या मोजक्या जिल्ह्यांत. मी आयुष्य बँकेत काढलं. जी चीज कमी तिचा भाव जास्त, एवढं अर्थशास्त्र आमच्या शिपायालाही ठाऊक होतं. कुत्र्यांच्या बाजारात मात्र ते चालत नाही. तिथे भाव ठरतो तो कुत्रं कुणाच्या दिवाणखान्यात शोभेल यावर, आणि हाडं दिसणारं, रानाच्या रंगाचं कुत्रं दिवाणखान्यात कुणाला हवंय?

अलीकडे थोडं पालटलंय. ३० ऑगस्ट २०२० ला पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी कुत्री पाळा असं सांगितलं, त्यात मुधोळ हाउंडचं नाव घेतलं, आणि हळूहळू शहरातल्या जाहिरातींत पिल्लाला पंचवीस-तीस हजार दिसू लागले. मामांच्या कानावर ते गेलं असावंच, नाहीतर बारा म्हणायचं त्यांना सुचलं नसतं. त्यांच्या वडिलांनी कधी पिल्लू विकलं नव्हतं. पिल्लू द्यायचं ते शब्दावर. मादी दिली, तर तिच्या पहिल्या वेतातलं एक पिल्लू परत करायचं. “कुत्रं काय इकायची चीज हाय का ताई?” असं मामा म्हणाले, नोटा मोजून खिशात घालता घालता.

कागद काहीच नव्हते. कुळी तोंडी होती. हरणीची आई पांढरी, पांढरीची आई उजनीकडच्या एका काळ्या मादीची, त्या काळीनं एका हिवाळ्यात केवढे ससे मारले, कुणाच्या आखाड्यावर म्हातारी होऊन मेली, हे सगळं मामांनी न थांबता सांगितलं. नवऱ्यानं मोबाइलवर ते ध्वनिमुद्रित करून ठेवलंय. घरी येणाऱ्यांना तो ते ऐकवतो.

या कुत्र्यांचा इतिहास सांगणारे बहुतेक सगळे एकाच ठिकाणी सुरुवात करतात. मध्य आशिया आणि अरबस्तानातून सैन्यांबरोबर, व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर सालुकी आणि ताझी कुत्री दख्खनमध्ये आली, इथल्या कुत्र्यांत मिसळली, आणि तांड्यामागून धावणारं म्हणून कारवान झालं. पुढे मुधोळ संस्थानच्या घोरपड्यांनी त्यांची निगुतीनं पैदास केली. राजे मालोजीराव घोरपड्यांनी पंचम जॉर्जला एक जोडी भेट दिली असं सांगतात. मुधोळ आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. त्यामुळे एका संस्थेच्या दप्तरी हे कुत्रं कारवान हाउंड आहे, दुसरीच्या दप्तरी मुधोळ हाउंड. २००५ साली टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, तेव्हा त्यात मुधोळ हाउंड होता. सीमाप्रश्नासारखंच हेही भांडण मिटायचं नाही. १९६३ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानं डब्ल्यू. व्ही. सोमण यांचं ‘द इंडियन डॉग’ छापलं. एका मराठी माणसानं भारतीय कुत्र्यांवर इतक्या आधी पुस्तक लिहिलं आणि ते इंग्रजीत लिहिलं, याची मला थोडी चुटपुट आहे.

आता खातं. मी हरणीच्या नावानं वही ठेवली आहे. घरात याची चेष्टा होते, पण बत्तीस वर्षं ताळेबंद जुळवलेल्या हाताला ते केल्यावाचून राहवत नाही. पहिल्याच पानावर दहा हजार लिहिले आणि त्यांच्यापुढे पहिल्या वर्षात एवढी पानं भरली, की ते दहा हजार आता प्रवासखर्चासारखे किरकोळ वाटतात.

जेवणाचं सांगते. वाड्यावर हरणीची आई काय खाते असं मी मामांना विचारलं होतं. “खाती की जे असंल ते.” म्हणजे ज्वारीची शिळी भाकरी ताकात कुस्करून, उन्हाळ्यात आंबील, मेंढी व्याली की जार, एखादं कोकरू दगावलं तर ते, जत्रेला बोकड पडला तर हाडं, आणि रानात तिचं तिनं जे धरलं असेल ते. याचे महिन्याला किती होतात हा प्रश्न मामांना कळलाच नाही. पुण्यात तो लगेच कळतो. पिशवीतलं चांगल्यापैकी कोरडं खाद्य किलोला पाच-सहाशे रुपये, पंचवीस किलोच्या आतबाहेरच्या कुत्र्याला महिन्याला नऊ-दहा किलो लागतं. आम्ही दोन महिने ते केलं आणि मग ज्वारीवर आलो. सकाळी भाकरी-ताक-अंडं, संध्याकाळी चिकनवाल्याकडून आणलेले कोंबडीचे पाय आणि गळे, सोबत भोपळा किंवा गाजर. महिन्याला अडीच हजारांत बसतं. चिकनवाला पूर्वी पाय फुकट द्यायचा. आम्ही रोजचं गिऱ्हाईक झाल्यावर त्यानं किलोला दर लावला, आणि त्यात मला काही गैर दिसत नाही.

एवढं खाऊनही हरणी उपाशी दिसते. या जातीच्या निरोगी कुत्र्याच्या मागच्या बरगड्या दिसायलाच हव्यात, कमरेची दोन हाडं वर आलेली असायलाच हवीत, पोट आत ओढलेलं असायला हवं. हे फिरायला जाताना वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला कसं सांगणार? एका काकूंनी तिच्यासाठी रोज ग्लुकोजची बिस्किटं आणायला सुरुवात केली. एका तरुणानं प्राणिमित्र संघटनेकडे तक्रार करण्याची ताकीद दिली, आणि ती देताना त्याच्या हातातल्या साखळीला एक लॅब्राडोर होता, इतका जाड की त्याला बसल्यावर उठवत नव्हतं.

पण खाणं हा या वहीतला मोठा आकडा नाही. मोठा आकडा आहे जमिनीचा.

आम्ही राहतो मांजरीला. कुत्रं पाळणाऱ्यानं राहायला हे गाव निवडावं, यावर लोकांनी करायचे ते सगळे विनोद करून झाले आहेत. घर तळमजल्याचं, पुढे-मागे थोडी मोकळी जागा. बाजूला द्राक्षबागा होत्या, ऊस होता, आता मोकळे भूखंड आहेत आणि दर दिवाळीला त्यांतला एखादा कमी होतो. हरणीला आणलं तेव्हा आमच्या कुंपणाची भिंत चार फूट होती. सहा महिन्यांची असताना ती जागच्या जागी उभी राहिली, भिंतीकडे पाहिलं आणि पलीकडे गेली. उडी मारल्याचा आवाजही झाला नाही. गवंडी, विटा, वर लोखंडी अँगल आणि जाळी धरून सत्तावीस हजार. म्हणजे कुत्र्याच्या किमतीच्या जवळजवळ पावणेतीनपट कुंपण.

पट्टाही वेगळा लागतो. या कुत्र्यांची मान डोक्याहून जाड असते. साधा पट्टा घालून आपण निवांत उभे असतो, कुत्रं मागे सरतं, मान खाली घालतं, आणि आपल्या हातात दोरी आणि रिकामा पट्टा उरतो. ओढ बसली की आवळणारा, रुंद चामड्याचा पट्टा आम्ही पुण्याच्या कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या खोगिरं शिवणाऱ्याकडून करून घेतला. वाड्यावर पांढरीच्या गळ्यात सुतळी होती, तीही दृष्ट लागू नये म्हणून.

मग धावणं. कारवानी वासावर नव्हे, नजरेवर शिकार करतो. दूरवर काहीतरी हललं की तो सुटतो आणि थोड्या अंतरातच तासाला पन्नास किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो. त्या वेळी त्याला हाक ऐकू येत नाही. येत असेल तरी तो ती मनावर घेत नाही. रस्त्याला लागून असलेल्या मोकळ्या भूखंडावर अशा कुत्र्याला सोडणं म्हणजे त्याला डंपरखाली घालणं. म्हणून आठवड्यातून बऱ्याचदा पहाटे गाडी काढून आम्ही थेऊरच्या पुढे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात जातो. पेट्रोल हा वहीतला दरमहाचा सगळ्यात मोठा खर्च आहे. त्याखाली दुसरी ओळ आहे ‘कोंबड्या’. गावरान कोंबडीला साडेपाचशे-सहाशे पडतात, आणि मालकाच्या मते हरणीनं मारलेली प्रत्येक कोंबडी ही त्याची सगळ्यात जास्त अंडी देणारीच असते. एकदा एक कोंबडा गेला. त्या कोंबड्याचे गुण ऐकून मला त्याला भेटता आलं नाही याचं वाईट वाटलं.

पडीक रानाचा मालक आमच्याकडून पैसे घेत नाही. दिवाळीला आम्ही मिठाई नेतो. पण त्याचा मुलगा तिथे गोदाम बांधायचं म्हणतोय.

आमच्या एका हितचिंतकानं ट्रेडमिल सुचवली. कुत्र्यांसाठी ती खास मिळते, दोन्ही बाजूंनी जाळ्या असलेली. साठ-सत्तर हजारांपासून पुढे. मी त्याला विचारलं, समोर काय ठेवायचं? तो म्हणाला, समोर टीव्ही लावतात, त्यात ससा धावत असतो. तो गंभीर होता.

सशावरून सांगते. हरणीच्या पणजीनं जे केलं ते हरणीनं केलं तर तो गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी ससा, हरीण, काळवीट सगळ्यांच्या शिकारी थांबल्या, आणि ते योग्यच झालं. रानात आधीच काही उरलेलं नाही. पण ज्या कामासाठी या कुत्र्याचा एकेक अवयव घडला ते काम कायद्यानं संपलं. कारवानी दुर्मीळ का झाला याची कारणं देताना लोक परदेशी कुत्र्यांच्या हौसेला नावं ठेवतात. ती हौस आहेच. तरी मला वाटतं, आधी काम गेलं, मग गायरानं गेली, मग मेंढ्या कमी झाल्या, मामांच्या पुतण्यांनी कळप विकून लातुरात मोबाइलचं दुकान टाकलं, आणि मग कुत्रं गेलं. ते कुत्रं एकटं कधी नव्हतंच. त्याच्या भाकरीमागे ज्वारी होती, ताकामागे गोठा होता, धावण्यामागे गावाची मोकळी पड जमीन होती. हे सगळं त्याला फुकट मिळत होतं, आणि म्हणून त्याची किंमत कुणी कधी मांडली नाही. माझ्या वहीत आज जे आकडे आहेत ते त्या फुकट गोष्टींचे आहेत. एकेक सुटी करून, पुण्याच्या भावानं विकत घेतलेली. हस्कीवाल्यांचा एसी आणि माझं पेट्रोल एकाच खात्यात जातात असं नवरा म्हणतो. त्याला मी अजून पटणारं उत्तर दिलेलं नाही.

डॉक्टरांचा खर्च इतरांपेक्षा फार नाही. पिल्लूपणी आजारांच्या एकत्रित लसीचे डोस, तिसऱ्या महिन्यात रेबीजची, मग दरवर्षी दोन्ही, जंतांचं औषध, पावसाळ्यात गोचिडांसाठीची गोळी, जी एक चुकली तर गोचीडतापानं पाच-सात हजार सहज जातात. महापालिकेचा परवाना नाममात्र आहे. अडचण पैशाची नाही, माहितीची आहे. पहिल्यांदा रक्त तपासलं तेव्हा तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर असल्याचा अहवाल आला आणि आम्ही घाबरलो. अहवालातलं प्रमाण सर्वसाधारण कुत्र्याचं होतं. ग्रेहाउंडसारख्या वेगवान कुत्र्यांच्या रक्तात तांबड्या पेशी मुळातच जास्त असतात, त्याशिवाय असं धावताच येणार नाही. भुलीचंही तसंच. यांच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे थायोपेंटोनसारखी काही औषधं शरीरातून लवकर उतरत नाहीत आणि कुत्रं तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. हे माहीत असलेला डॉक्टर शोधून काढायला वेळ गेला. आता जो मिळालाय तो सोलापूरकडचा आहे, लहानपणी घरी कारवानी होता म्हणतो. हरणी आत आली की तो आधी तिला नुसतं बघतो, मग खुर्चीवरून उठतो.

जमिनीच्या हिशेबावरून मला आतकूरचा शिलालेख आठवतो. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचं गाव आहे. तिथला एक वीरगळ आता बंगळूरच्या संग्रहालयात आहे. काळ दहाव्या शतकाचा, इसवी सन ९४९-५० चा. राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णानं तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला. कृष्णाच्या बाजूनं लढला गंग घराण्यातला बूतुग, आणि बूतुगाच्या हाताखाली मणलेर नावाचा वीर. मणलेरच्या पराक्रमावर खूश होऊन बूतुग म्हणाला, माग काय हवं ते. गाव मागता आलं असतं, सोनं मागता आलं असतं. मणलेरनं बूतुगाची काळी नावाची कुत्री मागितली. पुढे त्यानं काळीला एका दांडग्या रानडुकरावर सोडलं. दोघंही झुंजीत मेली. मणलेरनं देवळापुढे तिचा दगड उभा केला, त्यावर कुत्र्या-डुकराची झुंज कोरून घेतली, आणि दगडाच्या पूजेसाठी जमीन तोडून दिली. पूजा न करता जो पुजारी जेवेल त्याला त्या कुत्रीचं पाप लागेल, असंही खाली लिहून ठेवलंय.

काळी कुठल्या जातीची होती यावर कारवानीवाले, मुधोळवाले आणि तमिळनाडूतले राजपालयमवाले तिघंही हक्क सांगतील. मला त्यात रस नाही. मला त्या जमिनीत रस आहे. लढाईच्या बक्षिसापोटी कुत्रं मागणं आणि मेलेल्या कुत्र्यासाठी जमीन देणं, हा हजार वर्षांपूर्वीचा जमाखर्च माझ्या वहीपेक्षा सरळ वाटतो. आमच्या मांजरीत जमिनीचा गुंठ्याचा भाव मी इथे लिहीत नाही. हरणीचं नाव त्याशेजारी लिहिणं बरं दिसणार नाही.

सरकार काही करत नाही असं नाही. मुधोळजवळ तिम्मापूरला बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, तिथे शुद्ध पैदास होते आणि पिल्लं लोकांना मिळतात. २०१६ मध्ये तिथली पिल्लं सैन्याच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं गाई-म्हशींच्या जातींबरोबर राजपालयम, चिप्पिपारै आणि मुधोळ हाउंड या कुत्र्यांचीही अधिकृत नोंद केली आहे. हे चांगलंच आहे. कामच गेलंय तर नवं काम द्यावं, हा विचार मला नुसत्या जतनापेक्षा खरा वाटतो. प्रदर्शनांबद्दल मात्र माझं मत फारसं बरं नाही. तिथे मी पाहिलेले काही कारवानी तुकतुकीत, भरलेले, उंच आणि संथ होते. पंच त्यांच्या पाठीची रेघ बघत होते. एकालाही धावताना कुणी पाहिलं नाही. मैदान तेवढं मोठं नव्हतं.

भाव वाढला की जात वाचते, असं जाहिरातवाले म्हणतात. थोडं खरं आहे. दहा हजार येतात म्हटल्यावर मामांच्या सुनेनं पिल्लांकडे लक्ष द्यायला सुरुवात केली. पूर्वी थंडीत निम्मी मरायची, आता चुलीजवळ पोतं अंथरलेलं असतं. पण भावानं गिऱ्हाईकही तसंच येतं. मागच्या वर्षी एक मोटार मामांच्या आखाड्यावर आली, मागच्या सीटवर दीड वर्षाचा नर, दहाव्या मजल्यावर वाढलेला. त्यानं सोफा फाडला होता, दार कुरतडलं होतं, शेजारच्यांच्या मांजराचा जीव घेतला होता. त्या माणसानं पैसेही परत मागितले नाहीत. मामांनी त्याला ठेवून घेतलं. पहिले काही दिवस तो शेळीला बघून भ्यायचा. आता तो वाड्यावर आहे, आणि हरणीसाठी मामांच्या डोक्यात आहे तो हाच नर.

कारण आता हरणीच्या पिल्लांचा प्रश्न आला आहे. डॉक्टर म्हणतो, ऑपरेशन करून टाका, गर्भाशयाचा संसर्ग टळेल, फाटकापुढे रांग लावणारे गल्लीतले उमेदवार टळतील. तो त्याच्या जागी बरोबर आहे. मामा फोनवर म्हणाले, “असलं रगत मारू नका ताई. एक येत होऊ द्या, मग काय करायचं ते करा.” मी विचारलं, पिल्लं कुणाला द्यायची? सहा झाली तर सहा कुंपणं कुठून आणायची? आणि विकायची तर २०१७ च्या नियमांप्रमाणे पैदासकार म्हणून नोंदणी हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मामांनी नियम शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “इकायचं कोण म्हनतंय?”

त्यांचा प्रस्ताव असा. मादी नराकडे जाते, तेव्हा हरणीला आम्ही तिकडे न्यायचं. तिच्या खाण्याचे पैसे ते घेणार नाहीत, भाकरीचे पैसे कुणी घेत नसतं. नराचे पैसे नकोत, एक पिल्लू द्यायचं, मादी, आणि ती मामा निवडणार. उरलेल्यांतली जी आम्हाला बरं घर बघून देता येतील ती द्यायची. ज्यांना घर मिळणार नाही त्यांना वाड्यावर सोडायचं, तिकडच्या कुणा ना कुणा धनगराला राखणीला कुत्रं लागतंच.

मी म्हटलं, एवढ्यात तुम्हाला काय मिळालं? तेव्हा त्यांनी खरी गोष्ट काढली. मागच्या पावसाळ्यात पांढरीची सगळी पिल्लं आठवड्यात गेली, रक्ताची हगवण लागून. वर्णनावरून तो पार्व्होच. तालुक्याच्या दवाखान्यात जनावरांच्या लाळ्या-खुरकुताची लस मिळते, कुत्र्यांची ही लस तिथे नसते, आणि लातूरहून आणायची तर बर्फात आणावी लागते. दहा हजारांचं पिल्लू आणि आठ-नऊशेची लस, हे गणित मामांनाही येतं. पण आणणार कोण, आणि कशातून?

आमच्याकडे सहलीचा थर्मास डबा आहे, बर्फाच्या कांड्या घालायचा. डॉक्टरनं कंपनीच्या भावानं लस द्यायचं कबूल केलंय. टोचायला तालुक्याचे पशुवैद्य येतील, त्यांच्याशी मामांचा पुतण्या बोललाय. हरणी पुन्हा माजावर येईल ती बहुधा थंडीत, तेव्हा जायचं. एका आखाड्यापुरती लस नेऊन भागणार नाही, शेजारच्या वाड्यांवरही पिल्लं असतील, म्हणून मी मामांना नीट आकडा विचारला. त्यांनी तो नीट सांगितला नाही. “आना की धा-बारा,” ते म्हणाले. मी डॉक्टरला पंचवीस सांगितल्या आहेत.